चेस्टनट ड्राइव्हचे पडदे

शनिवार, ५ ऑक्टोबर

आले एकदाची. तीन आठवडे राहून बघायचं असं ठरलंय. ठरवलंय माझ्या लेकीनं, गेनरनं. मी नुसती मान हलवली, कारण फोनवर लेक रडायच्या बेतात होती. नवरा सोडून गेल्यापासून ती ह्या एवढ्या मोठ्या घरात एकटी असते. म्हणाली, "आई, कॉब्डन स्ट्रीटचं घर सोड आणि कायमची इकडं ये. निदान राहून तरी बघ." बघते. बघायला काय जातंय.

ही वही मुद्दाम घेतली. तिकडं राग आला की शेजारच्या विनीच्या दारात जायचं, अर्धा तास तिचं डोकं खायचं, की जेवण पचतं. इथं कुणाचं डोकं खाऊ? लीड्समधून बस निघाली, चढ चढली आणि झाडं सुरू झाली. झाडं, झाडं आणि परत झाडं. घरं त्यांच्यामागे लपून बसलीत, उधारी थकवलेल्या माणसासारखी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बसस्टॉपवरून बॅग ओढत आले तर तीन गाड्या शेजारून गेल्या, एकीनंही काच खाली केली नाही.

गेनरनं आठ वाजता जेवायला वाढलं. आठ वाजता! साडेपाचला पोटात काही पडलं नाही तर मी माणसात राहत नाही, हे तिला जन्मापासून माहीत आहे. म्हणाली, "इथं सगळे आठलाच जेवतात." म्हटलं, इथं सगळे कोण? टेबलावर तर आपण दोघीच आहोत.

रविवार, ६ ऑक्टोबर

समोरचा माणूस सकाळी नऊला पाठीवर मोटार बांधून पानं उडवायला बाहेर पडला. घरघर घरघर, दोन तास. त्याच्या फाटकातली पानं रस्त्यावर उडवली. वाऱ्यानं ती परत आत आणली. ह्यानं परत उडवली. मी त्याचं नाव पानफुंक्या ठेवलंय. झाडं हवीत म्हणून इथं घर घेतात आणि पान गळलं की ह्यांच्या अंगाचा तिळपापड! झाड काय तुम्हाला विचारून पानं गाळणार?

मंगळवार, ८ ऑक्टोबर

माणूस सापडला.

कोपऱ्यावरच्या घरात, पुढच्या खोलीच्या खिडकीला लावून खाट टाकलीय आणि तिच्यावर एक म्हातारी बाई पडून असते. ब्रेड आणायला निघाले तेव्हा मी तिला हात केला. येताना बघते तर ती अजून माझ्याच वाटेकडं डोळे लावून होती, आणि तिनं हात केला. दोन बोटंच हलली. तेवढ्यात तिचा नवरा दारात आला.

"तुम्ही तिला हात केलात?"

"केला. का, मनाई आहे?"

"मनाई कसली! चार महिने ती ह्या खिडकीत आहे. ह्या रस्त्यावरून जाताना मान वर करून बघणाऱ्या पहिल्या तुम्ही. आत या. चहा टाकतो."

त्याचं नाव क्लिफर्ड ऑर्मरॉड, तिचं नेस्टा. पूर्वी दोघं आमच्यासारख्याच गिरणीच्या गल्लीत राहायचे. क्लिफर्डनं पुढं यंत्रदुरुस्तीचा कारखाना काढला, चार पैसे आले, आणि चाळीस वर्षांपूर्वी इथं घर घेतलं. बोलणं अजून आपलंच. चहा इतका कडक की चमचा उभा राहावा. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

गेनरला सांगितलं तर म्हणते, "ते दोघं कुणात मिसळत नाहीत, आई." म्हटलं, चार महिने खाटेला खिळलेल्या बाईनं मिसळायचं कसं?

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज नेस्टाजवळ बराच वेळ बसले. क्लिफर्ड औषधं आणायला गेला होता. बोलताना तिला धाप लागते, तरी तिला बोलायचंच होतं.

"अ‍ॅव्हरिल, तुमच्याकडं अजून पडदे ओढतात?"

म्हटलं, ओढतात म्हणजे? न ओढून सांगतात कुणाला! आमच्याकडं कुणी गेलं की ज्या दिवशी त्याला नेतात त्या दिवशी गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढच्या खोल्यांचे सगळे पडदे ओढलेले असतात. शवपेटीची गाडी नजरेआड होईपर्यंत कुणी हात लावत नाही. मग भांडण असो नाहीतर काही असो. विनी आणि कोपऱ्यावरच्या बार्करीणबाईचा किती वर्षं अबोला, पण बार्करीणबाईला नेली तेव्हा सगळ्यांत आधी पडदा ओढला तो विनीनं. वर म्हणाली, "बाई हलकटच होती. पण आपल्या गल्लीतली होती."

नेस्टा हसली आणि तिला खोकला आला. पाणी पाजलं. मग म्हणते, "इथं माझ्यासाठी कोण ओढणार गं? मी काय, डोळे मिटलेलीच असेन. पण क्लिफर्ड गाडीत बसून बघणार ना. रस्ताभर सताड उघड्या खिडक्या बघत जाईल तो. त्याला वाटेल, इतकी वर्षं राहून आपण इथं कुणाचे कुणी नव्हतो."

मी म्हटलं, "ते माझ्यावर सोड."

तोंडातून निघून गेलं. पण निघालं ते खरं. आता हे मी करणार.

सोमवार, १४ ऑक्टोबर

नेस्टा गेली. पहाटे, झोपेत. क्लिफर्ड दारात उभा राहून मला सांगत होता आणि त्याच्या मागून पानफुंक्याचं यंत्र घरघरत होतं. मी रस्ता ओलांडून गेले आणि त्याच्यासमोर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिले. त्यानं कानावरचं ते काय असतं ते काढलं.

"त्या घरातली बाई गेली आज. बंद करा ते."

"कोणत्या घरातली?"

"कोपऱ्यावरच्या."

"ओह. ते म्हातारं जोडपं," म्हणाला, आणि यंत्र घेऊन घरामागं गेला आणि तिथं सुरू केलं. देवा, माझ्या हातात लाटणं का नव्हतं!

बुधवार, १६ ऑक्टोबर

नेस्टाला पुढच्या गुरुवारी, चोवीस तारखेला, अकरा वाजता नेणार. अंत्यविधीवाल्यांकडं त्याआधीची वेळ नाही. गाडी घरून निघून सबंध चेस्टनट ड्राइव्हवरून खाली जाईल.

जेवताना गेनरला पडद्यांचं सांगितलं. तिनं काटा खाली ठेवला.

"आई, इथं असं करत नाहीत."

"म्हणून तर सांगायला हवं."

"अर्ध्या लोकांकडं पडदेच नाहीत. लाकडी झडपा आहेत, नाहीतर खालीवर होणाऱ्या पट्ट्या."

"मग झडपा लावा, पट्ट्या सोडा! काचेला चादर डकवा! कोण म्हणतंय मखमलच पाहिजे?"

"लोकांना विचित्र वाटेल."

"तुझे वडील गेले तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक खिडकीचा पडदा ओढलेला होता. तेव्हा तुला विचित्र वाटलं होतं?"

तिनं काटा परत उचलला. मग हळूच म्हणाली, "निदान मला विचारल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नकोस. मला इथं राहायचंय, आई." ऐका! पोटच्या पोरीनं आईला शिकवायचं, दार कसं वाजवायचं ते. नवरा गेल्यापासून ही ह्या लोकांना इतकी का वचकून असते कोण जाणे. संध्याकाळी घरात शिरण्याआधी गाडीत दहा-दहा मिनिटं नुसती बसून असते. मी खिडकीतून बघते.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

गेले. गेनर ऑफिसला गेल्यावर. तपकिरी कोट, लोकरी टोपी, वर मफलर, कारण पाऊस धो धो. सगळा रस्ता दोन्ही बाजूंनी पालथा घातला आणि आता पायाचे तुकडे पडलेत. पाय दुखतात त्याहून डोकं जास्त दुखतंय.

एक दार उघडेल तर शपथ! घंटा दाबली की घंटेतूनच आवाज येतो. घंटेला डोळा असतो म्हणे, आतून तुम्हाला बघतात. मी घंटेशी बोलत होते. भर पावसात, त्या बटणाशी! "नमस्कार, पुढच्या गुरुवारी अकरा वाजता तुमच्या पुढच्या खिडक्यांचे पडदे तेवढे ओढून घ्याल का? नेस्टा ऑर्मरॉडला नेणार आहेत." एका घंटेनं विचारलं, "कुणाला काय नेणार आहेत?" दुसरी म्हणाली, "आम्हाला काही नको." अहो, मी विकतेय का काही? तिसरीतून एक बाई इतक्या गोड आवाजात बोलली की दातच किडावेत. "तुम्ही नक्की कोणाकडून आलात?" म्हटलं, "मी कोणाकडून कशाला येऊ? मी माझी आले." त्यावर घंटा गप्प.

पानफुंक्यानं मात्र दार उघडलं. साखळी लावून. फटीतून म्हणतो, "गुरुवारी अकरा वाजता नेमकं का?"

"कारण गाडी अकराला निघते."

"कसली गाडी?"

"काळी!" असं म्हणून मी वळले. मला आणखी बोलवत नव्हतं, नाहीतर त्याला त्या फटीतूनच सांगितलं असतं.

कुणी ओढणार नाही. मला दिसतंय. कशाला शब्द दिला मी त्या मरणाऱ्या बाईला?

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज नाही म्हटलं तरी थोडी विरघळले. गेनर सकाळीच शहरात गेली आणि माझ्यासाठी कोट घेऊन आली. गडद निळा, आतून रेशमासारखा, मापाला अगदी बरोबर. म्हणाली, "तो तपकिरी किती जुना झालाय, आई. आता हाच घालत जा." मी वरवर कुरकुर केली, पण आत कुठंतरी बरं वाटलं. पोरीचं लक्ष असतं. तपकिरी कोट तिनं लगेच वरच्या कपाटात नेऊन टाकला.

मात्र दोन दिवस झाले, ती फोन हातातून सोडत नाही. टिंग टिंग चालू असतं. बघते, ओठ चावते, पालथा घालते. विचारलं तर "काही नाही." आणि म्हणते, काही दिवस मागच्या दारानं ये-जा कर, पुढच्या पायऱ्यांवर ओली पानं आहेत, पाय घसरेल. काळजी करते. तिला वाटतं मी म्हातारी झाले.

सोमवार, २१ ऑक्टोबर

रागानं लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नाही.

दुपारी गेनर लवकर आली होती. आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो, तर घंटा वाजली आणि एक बाई आत आली. शेजारची इमोजन फेअरली. तोंड उघडलं आणि मी ओळखलं, हीच ती गोड घंटा. मी आपली गेनरचा एप्रन बांधून, घरात असते तशी. तिनं मला ओळखलं नाही.

"तुम्ही गेनरच्या आई ना? तुम्हालाही सांगून ठेवते. जरा जपून असा. एक बाई फिरतेय."

"कसली बाई?"

"म्हातारीच म्हणा. तपकिरी कोट, मफलर गुंडाळलेला, बोलायला एकदम उर्मट. दारोदार जाऊन सांगते, गुरुवारी अकरा वाजता पडदे ओढून घ्या. कळलं का कशासाठी? रस्त्यावर कुणाचं लक्ष असू नये म्हणून! टोळी असते ह्यांची. म्हाताऱ्यांना पुढं पाठवतात. मग कुणीतरी मोठी व्हॅन घेऊन येईल आणि आपण पडद्याआड! वर त्या बिचाऱ्या ऑर्मरॉडबाईंचं नाव वापरलं. काय ही नीतिमत्ता! माझ्या घंटेनं तिचा फोटो घेतलाय, मी रस्त्यावरच्या सगळ्यांना फोनवर पाठवलाय. गेनरलाही आलाय, हो ना गेनर?"

गेनर म्हणाली, "हो."

मी तिच्याकडं बघितलं. ती कपाकडं बघत होती.

इमोजनची गाडी पुढं सुरूच. "आमचं ठरत होतं की गुरुवारी सगळ्यांनी खिडक्यांत उभं राहून पाळत ठेवायची. पण तुमची लेक हुशार हो! तिनंच सगळ्यांना समजावलं, की नको, उलट पडदे ओढा, झडपा लावा, गाड्या आत घ्या. काय आहे काय नाही ते बाहेरून दिसायलाच नको, म्हणजे चोर पुढच्या गल्लीत जातात. तीन दिवस एकेकाशी बोलली बिचारी. आता सगळ्यांना पटलंय. पावणेअकरापासून सगळं बंद."

"ती म्हातारी मीच" एवढं म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण पोटची पोर समोर बसलेली, मान खाली घातलेली. तिची इथं काय अब्रू आहे ती मी माझ्या हातानं कशी घालवू? म्हटलं, "जपून राहते हो," आणि दार लावून घेतलं.

मग मात्र सोडली नाही.

"तुला तो फोटो आला आणि तू सांगितलं नाहीस की ही माझी आई आहे?"

"आई, ऐक तरी..."

"तू मला चोर ठरू दिलंस! वर लोकांना शहाणपण शिकवत बसलीस, माझ्यापासून कसं वाचायचं ते! आणि तो कोट! म्हणजे त्यासाठी होता कोट! आई ओळखू येऊ नये म्हणून! माया वाटली मला, मूर्खासारखी!"

"कोट घेतला तेव्हा मी घाबरले होते. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नव्हतं, खरं आहे. त्याची मला लाज वाटते. पण बाकीचं... आई, मी सांगते सगळं, पण आत्ता नाही. गुरुवारपर्यंत फक्त गप्प राहा. कुणाशी बोलू नकोस, कुणाच्या दारात जाऊन भांडू नकोस. तुझ्या पाया पडते."

"गुरुवारपर्यंत! म्हणजे मला बाहेर न्यायची गाडी पण गुरुवारीच बोलावलीस का?"

रडायला लागली. रडू दे. कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडं मागायची?

मंगळवार, २२ ऑक्टोबर

दोघी एकमेकींशी बोललो नाही. साडेपाचला माझी मी अंडी उकडून खाल्ली.

बुधवार, २३ ऑक्टोबर

क्लिफर्डचा सूट इस्त्री करून दिला. त्याला मोजे सापडत नव्हते. नेस्टाच्या खणात हात घातला आणि तसाच थांबला, म्हणून मी शोधले.

म्हणाला, "अ‍ॅव्हरिल, तू दारोदार गेली होतीस ना? तिनं मला सांगितलं होतं, तू शब्द दिलायस म्हणून."

"गेले होते."

"ओढतील गं?"

काय सांगू त्याला? ओढतील, पण तुझ्या नेस्टासाठी नाही, चोरांच्या भीतीनं? म्हटलं, "बघू उद्या." तो म्हणाला, "एक-दोन घरांनी ओढले तरी पुरे." घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणत होतं. एक-दोन घरांनी तरी पुरे! चाळीस वर्षं राहून माणूस एवढंच मागतो, आणि ह्यांनी त्याचीही माती केली. त्यात माझी पोर पुढं.

गेनरनं उद्याची रजा घेतलीय. कशाला, तिलाच ठाऊक.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सकाळी वरच्या कपाटातून तपकिरी कोट काढला आणि घातला. गेनरनं बघितलं, काही बोलली नाही. ती नखशिखांत काळ्या कपड्यांत होती.

क्लिफर्डला मूलबाळ नाही, म्हणून मागच्या गाडीत त्याच्या शेजारी मीच बसायचं ठरलं होतं. पावणेअकराला बाहेर आलो. पाऊस नव्हता. पानफुंक्याचं यंत्र बंद होतं, कारण पानफुंक्या आत दडून बसला होता. अकराला अंत्यविधीच्या माणसानं उंच काळी टोपी काढून काखेत धरली आणि गाडीपुढं पायी चालू लागला. आमची गाडी मागून, पावलाच्या वेगानं.

पहिलं घर: झडपा बंद. दुसरं: पट्ट्या सोडलेल्या. पानफुंक्याकडं वरखाली सगळं बंद. इमोजनकडं जाडजूड पडदे, एका रेषेत ओढलेले. क्लिफर्डनं माझं मनगट धरलं. डावीकडं बघायचा, उजवीकडं बघायचा. रस्त्यावर एक माणूस नाही, एक गाडी नाही, एक उघडी काच नाही. कॉब्डन स्ट्रीटवरसुद्धा इतकं चोख कधी बघितलं नाही मी.

"अ‍ॅव्हरिल," तो म्हणाला, "एकूण एक. अगं, एकूण एक घर." सूटच्या बाहीनंच डोळे पुसले. "तिला उगाच वाटायचं गं. उगाच वाटायचं आपलं इथं कुणी नाही."

मी दात आवळून बसले होते. ओरडावंसं वाटत होतं, अरे बाबा, हा मान नाही, ही भीती आहे! आत बसून टीव्ही सांभाळतायत सगळे! पण त्याचा चेहरा बघितला आणि गिळलं सगळं.

आमच्या घराचेही पडदे ओढलेले. गेनर तेवढी एकटी फाटकाबाहेर उभी, मान खाली घालून. सबंध रस्त्यावर तीच एक उभी. आमची गाडी तिच्यासमोर आली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं. सगळे पडदे बंद असताना उभं राहायला काय धाडस लागतं?

नंतर क्लिफर्डच्या घरी हॅमचे सँडविच, चहा, फ्रूटकेक, सगळं रीतसर. सात माणसं, त्यातली चार त्याच्या जुन्या कारखान्यातली. केक ढीगभर उरला.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सकाळी क्लिफर्ड दारात. सूट, टाय, डोक्यावर टोपी, हातात ट्रे, ट्रेमध्ये चांदीच्या कागदात गुंडाळलेले केकचे तुकडे.

"प्रत्येक दारात जाऊन आभार मानायचेत. कालचं मी जन्मात विसरणार नाही."

म्हटलं, राहू दे, लोक कामावर गेले असतील, चिठ्ठ्या टाकू. ऐकतोय कुठला! तेवढ्यात गेनर आतून आली, त्याच्या हातातला ट्रे घेतला आणि म्हणाली, "चला. मी येते बरोबर." मी पण निघाले. तपकिरी कोट घालून. म्हटलं, बघू दे एकेकाला.

घंटा वाजवली की गेनर पुढं होऊन नाव सांगायची, मग दार उघडायचं. आणि क्लिफर्ड तेच बोलायचा. "काल तुम्ही माझ्या नेस्टासाठी पडदे ओढलेत. तिला फार वाटायचं हो, की ओढावेत कुणीतरी. देव तुमचं भलं करो." आधी समोरचा गोंधळायचा, मग माझ्या कोटाकडं लक्ष जायचं, मग कळायचं. पानफुंक्या असा काही लाल झाला! केक हातात धरून म्हणाला, "आम्हाला... हो. फार चांगल्या होत्या त्या." नाव तरी ठाऊक होतं का तुला, मेल्या? पण दार लावताना त्यानं क्लिफर्डचा हात धरला आणि लवकर सोडला नाही. हेही लिहायला हवं म्हणून लिहिते.

इमोजनच्या दारात गेनरनं क्लिफर्डला पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाली, "इमोजन, ही माझी आई. तुमच्या घंटेवर तीच आली होती. नेस्टाबाईंसाठी."

आत्ता बोलली! आठवडा उलटल्यावर!

इमोजनचा हात तोंडावर गेला. "पण गेनर, पडदे ओढा, पाळत नको, असं तर तूच सगळ्यांना..."

"हो," गेनर म्हणाली. "मीच." आणि केक पुढं केला.

इमोजननं केक घेतला. मग तिचे डोळे भरले. तिला कसलं रडू आलं ते मला कळलं नाही. क्लिफर्डला तर काहीच कळलं नाही, तो तिला थोपटत होता.

आमचं दार शेवटचं. तिथंही त्यानं टोपी काढली आणि गेनरला म्हणाला, "तुझेही आभार, पोरी. तू तर बाहेर उभी राहिलीस." गेनर ट्रे खाली ठेवून पायरीवरच बसली आणि हमसून हमसून रडली. मी तिला रुमाल दिला.

जेवणं झाली. गेनर भांडी विसळत होती. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "आई, तू इथं राहायला येऊ नकोस."

"काय म्हणालीस?"

"तिकडंच राहा. कॉब्डन स्ट्रीटवर."

माझं टाळकंच सरकलं. "वा गं वा! महिनाभर मागं लागलीस, ये ये म्हणून जीव खाल्लास, आणि आता हाकलतेस? एवढी लाज वाटते आईची?"

ती वळली. हाताला साबण तसाच. "नेस्टाबाईंच्या वेळी टोळीची थाप चालून गेली, आई. तुझ्या वेळी पडदे ओढायला मी कुणाला कसं घाबरवू? ही थाप दुसऱ्यांदा नाही चालत."

मी उठून वाहता नळ बंद केला.

"गाढवे," मी म्हटलं, "मला आधी सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर गप्प बसली असतीस?"

नसते बसले. इमोजनच्या दारात जाऊन घसा फोडला असता, सगळा रस्ता गोळा केला असता, आणि क्लिफर्डला काल एकूण एक खिडकी उघडी दिसली असती. हे कळतंय मला. तरी राग गेलेला नाही. इमोजनवर आहे, पानफुंक्यावर आहे, पोरीला आईचं नाव सांगायची भीती वाटावी अशा ह्या रस्त्यावर आहे. आणि मुख्य म्हणजे माझ्यावर आहे, की ती फाटकापाशी एकटी उभी होती आणि मी तोंड फिरवलं.

उद्या सकाळच्या बसनं निघतेय. बॅग भरताना दारात येऊन म्हणाली, "मी पण येऊ का? सोमवारपर्यंत?"

म्हटलं, विचारतेस काय? चल.